उंच डोंगरावरची खुजी झाडं: वाढ खुंटलेली की जातच बुटकी?

खरसू

उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथची वाट धरली की अर्ध्या दिवसात ऱ्होडोडेंड्रॉनच्या तीन जाती भेटतात. खाली बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम, चांगला मोठा वृक्ष. वृक्षरेषेपाशी, म्हणजे जिच्या वर वृक्ष उगवत नाहीत त्या हद्दीपाशी, 3300 मीटरच्या आसपास, सिमरू, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलेटम: माणसाहून थोडं उंच, बुंध्यापाशी उताराकडे झुकून मग वर वळलेलं झुडूप. बुग्यालात, म्हणजे वरच्या गवताळ कुरणात, शिरलं की गुडघ्यालाही न पोचणारं, पान चुरगळल्यावर उग्र वास सोडणारं ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन. सिक्कीमकडे ही मालिका आणखी वर जाते. तिथे 5000 मीटरच्याही वर ऱ्होडोडेंड्रॉन निवाले सापडतं, जेमतेम वीतभर उंचीचं.

हे बघून सगळे एकच निष्कर्ष काढतात: वर थंडी जास्त, म्हणून झाडं खुरटतात. धागा काढतोय तो या निष्कर्षासाठीच, कारण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात.

पहिली गोष्ट खुंटण्याची. सिमरूच्या बुंध्याचा तो बाक बर्फामुळे येतो. हिवाळाभर साचलेला बर्फ उतारावरून हळूहळू सरकतो आणि कोवळं खोड आडवं दाबतो. त्याच झाडाचं बी खालच्या सपाट जमिनीत लावलं तर खोड सरळ येईल. ही त्या एका झाडाच्या आयुष्यातली घडामोड आहे, बियांतून पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट वारशाची. अँथोपोगॉन खाली आणून लावलं, चांगली माती दिली, तरी त्याचा बुरांस होत नाही. बुटकेपण त्याच्या जनुकांत आहे. हजारो पिढ्यांच्या निवडीतून ते आलंय.

आता कळीचा प्रश्न: ही निवड कशासाठी झाली? उत्तर थंडीपेक्षा उबेत जास्त आहे. जमिनीलगत काही सेंटीमीटर जाडीचा संथ हवेचा थर असतो. दिवसा ऊन पडलं की जमीन आणि पानं तापतात आणि वारा ती ऊब चटकन पळवू शकत नाही. वृक्षाचा शेंडा मात्र मोकळ्या वाऱ्यात असतो, त्याचं तापमान हवेच्या तापमानाला बांधलेलं. हवा 8 अंश असताना उन्हातल्या जमिनीलगतच्या पानगुच्छाचं तापमान 20 अंशांपर्यंत सहज जातं. वारा पडला असेल तर हवेपेक्षा 20 अंशांचा फरकही नोंदवला गेलाय. म्हणजे हवामानखात्याच्या तापमापीला जे दिसतं त्यापेक्षा कितीतरी उबदार जागेत ते रोप दिवस काढतं. उंच व्हायचं म्हणजे त्या उबेतून डोकं बाहेर काढायचं.

वृक्षरेषाही यातूनच समजते. जगभरातल्या वृक्षरेषा साधारण तिथे थांबतात जिथे वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान 6 ते 7 अंश असतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या क्रिस्तियान कोर्नर यांच्या गटाने हे अनेक पर्वतांवर मोजून दाखवलं. त्याच्या वर वनस्पती आहेत, फुलं आहेत, फक्त मोकळ्या हवेत खोड उभारणाऱ्या वनस्पती नाहीत.

यावर ज्यांनी काम केलंय त्यांनी तपशील भरावेत. विशेषतः खुंटलेलं आणि वारशाने बुटकं यातला फरक ओळखायचा कसा, यावर नीट लिहिलं जावं ही इच्छा आहे.

दुर्गभ्रमर

उत्तम धागा. एक शंका. वर हवा विरळ, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही कमी. मग अन्नच कमी तयार होतं आणि म्हणून झाडं लहान राहतात, असं नाही का? ट्रेकला गेल्यावर आपला जसा दम लागतो तसंच काहीसं.

पेरकांडं

दुर्गभ्रमर, हे बऱ्याच पाठ्यपुस्तकांतही असंच लिहिलेलं असतं, पण मोजमाप उलट सांगतं.

4000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के राहतो, हे खरं. पण विरळ हवेत वायूचे रेणू पानात जास्त वेगाने झिरपतात, शिवाय उंचावरच्या पानांत हरितद्रव्याच्या पेशींचे थर जाड असतात आणि दर चौरस सेंटीमीटरला नत्र जास्त असतं. त्यामुळे कमतरता बरीचशी भरून निघते.

खरा पुरावा साठ्यात आहे. अन्न कमी पडत असतं तर वरच्या वनस्पतींत साखर आणि स्टार्च कमी सापडायला हवे होते. प्रत्यक्षात वृक्षरेषेकडे जावं तसा हा साठा टिकून राहतो किंवा वाढतो. कारखाना चालू आहे, माल पडून आहे, बांधकाम बंद आहे.

कारण असं: 5 अंशांना प्रकाशसंश्लेषण कमाल वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने चालू असतं, पण पेशी विभाजन आणि नव्या ऊतींची जडणघडण त्याच तापमानाला जवळजवळ थांबते. म्हणून पेच अन्न मिळवण्याचा नाही, मिळालेलं अन्न पेशीत बदलण्याचा आहे, आणि पेशी बनायला ऊब लागते. खरसू यांनी लिहिलेला जमिनीलगतचा थर म्हणूनच महत्त्वाचा. तिथे दिवसाकाठी चार-सहा तास तरी पेशी विभागू शकतात.

एक बाजू मात्र विसरू नये. निरभ्र रात्री हेच जमिनीलगतचं पान उघड्या आकाशाकडे उष्णता टाकतं आणि आसपासच्या हवेपेक्षा काही अंश थंड होतं. म्हणजे बुटकेपणाने दिवसा ऊब मिळते आणि रात्री जास्त कडक गारठा. भर जुलैतही पानांवर बर्फाचे स्फटिक धरतात. त्यामुळे बुटकेपण एकटं कामाचं नाही, त्याच्या जोडीला हंगामातला गारठा सोसण्याची ताकदही निवडली गेली पाहिजे. ज्या वंशांत दोन्ही जुळलं ते वर टिकले.

सडा

मग आमच्या कासच्या सड्यावरची बुटकी झाडं? तिथे ना बर्फ ना शून्याखाली तापमान. महाबळेश्वरला अंजनी, जांभूळ, पिसा यांचं रानही ठेंगणंच आहे.

पेरकांडं

दोन्हीची कारणं वेगळी, आणि आल्पाइन, म्हणजे वृक्षरेषेवरच्या गारठ्याची, नाहीत. महाबळेश्वर 1350 मीटरच्या आसपास, कास 1200. तिथे हंगामाचं सरासरी तापमान 6 अंशांच्या कितीतरी वर असतं.

महाबळेश्वरच्या रानावर पावसाळी वाऱ्याचा मारा असतो, माती उथळ आणि निचरून गेलेली. कड्याच्या धारेवरचं झाड आणि घळीतलं त्याच जातीचं झाड यांची उंची ताडून पाहिली की वाऱ्याचा हिस्सा दिसतो. कासवर मातीचा थर काही ठिकाणी दोन-चार सेंटीमीटर, खाली जांभा. पावसाळ्यात पाणी तुंबतं, ऑक्टोबरात सगळं वाळून जातं. तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं. तिथे खोड उंच करण्याला वेळही नाही आणि मुळांना आधारही नाही.

हिमालयाशी दुवा इतकाच की दोन्हीकडे उंच शेजारी नाहीत. खोड उंच करण्याचा मुख्य फायदा शेजाऱ्याच्या सावलीतून बाहेर पडण्याचा असतो. सावली पाडणारं कोणी नसेल तर उंची हा नुसता खर्च. मग बुटकेपणाची जनुकं मारली जात नाहीत, उलट पुढे सरकतात.

खरसू

आता फरक ओळखण्याबद्दल. याचा इतिहास फार शिकवणारा आहे.

फ्रान्सच्या गास्तों बोनिए यांनी 1880 च्या दशकापासून आल्प्स आणि पिरेनीजमध्ये एकाच रोपाचे दोन तुकडे करून एक सखल भागात, एक उंचावर लावला. वरचे तुकडे बुटके झाले. इथपर्यंत ठीक. पण पुढे त्यांनी असंही मांडलं की काही सखल जाती वर गेल्यावर थेट आल्पाइन जातीत बदलल्या. नंतरच्या काळजीपूर्वक प्रयोगांत हे कधीच दिसलं नाही. सर्वांत साधा खुलासा असा की वाफ्यांची निगराणी कमी पडली, लावलेलं रोप मेलं आणि शेजारची रानटी आल्पाइन जात त्या जागी रुजली.

1922 मध्ये स्वीडनच्या योटे तूरेसॉन यांनी एकाच जातीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या रोपांना एकाच बागेत वाढवून दाखवलं की फरकांचा मोठा भाग टिकतो. इकोटाइप, म्हणजे एकाच जातीतला त्या-त्या जागेला वारशाने जुळलेला गट, हा शब्द त्यांचाच.

आणि मग कॅलिफोर्नियातला तो प्रयोग, जो मी या विषयातला सर्वांत देखणा मानतो. कार्नेगी संस्थेचे क्लाउसन, केक आणि हीसी. तीन बागा: स्टॅनफर्ड, जवळजवळ समुद्रसपाटीला, मॅथर, 1400 मीटर, टिंबरलाइन, 3050 मीटर. पोटेंटिला ग्लँड्युलोसाची, म्हणजे आपल्या हिमालयातल्या वज्रदंतीच्या कुळातल्या एका जातीची, रोपं किनाऱ्यापासून सिएरा नेवाडाच्या माथ्यापर्यंत गोळा केली, प्रत्येक रोपाचा गड्डा फोडून त्याचे तुकडे तिन्ही बागांत लावले. तुकडे एकाच रोपाचे, म्हणजे जनुकं तंतोतंत तीच. यात जो फरक दिसेल तो जागेचा. आणि एकाच बागेत वेगवेगळ्या ठिकाणच्या रोपांत जो फरक दिसेल तो वारशाचा. किनाऱ्यावरची रोपं टिंबरलाइनला हिवाळ्यात मेली. माथ्यावरची रोपं स्टॅनफर्डच्या सौम्य हवेतही बुटकीच राहिली आणि हिवाळ्यात झोपी गेली, जिथे किनाऱ्याची रोपं हिवाळाभर हिरवी होती.

1948 मध्ये त्यांनी अकिलिया, म्हणजे यारोवरचं काम छापलं. बियांपासून स्टॅनफर्डला वाढवलेल्या रोपांत मूळ ठिकाणाची उंची वाढावी तशी रोपं ठेंगणी होत गेली. 1958 मध्ये पोटेंटिलाच्या संकराचे निकाल आले: दुसऱ्या पिढीत उंची सलग पसरलेली होती, उंच आणि बुटके असे दोन स्वच्छ गट पडले नाहीत. म्हणजे तिथे बुटकेपण बऱ्याच जनुकांचं मिळून बनलेलं आहे.

जनुकवेल

खरसू यांचा शेवटचा मुद्दा पुढे नेतो. अनेक लहान जनुकं हा नेहमीचा प्रकार. पण कधीकधी एकच जनुक मोठा झटका देतं, आणि ते कोणतं हे आता माहीत आहे.

द्राक्षबागायतदार घड लांबवायला जीए फवारतात, ते जिबरेलिन. खोडाची पेरं लांबवणारं हेच संप्रेरक वनस्पती स्वतःही बनवते. पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात. जिबरेलिन आलं की डेला मोडली जातात आणि पेर लांबतं.

थंडी पडली की काय होतं? गारठ्याला प्रतिसाद देणारी सीबीएफ जनुकं जागी होतात, ती जिबरेलिन मोडणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) प्रमाण वाढवतात, डेला साचतं, वाढ थांबते. याच अवस्थेत रोपाची गारठा सोसण्याची ताकदही वाढते. अतिनील किरणांचंही तसंच: यूव्हीआर 8 हा ग्राहक ते ओळखतो आणि जिबरेलिन घटवतो. वाऱ्याने हलणं, घासणं यानेही खोड आखूड आणि जाड होतं, त्यावर 1973 पासून पद्धतशीर काम आहे. म्हणजे डोंगरावरचं एकच रोप तीन बाजूंनी ब्रेक खातं, आणि हे सगळं त्याच्या आयुष्यापुरतं.

आता वारशाची बाजू. जिबरेलिन बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एका टप्प्याचं विकर आहे जीए 20 ऑक्सिडेझ. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगशाळांत नेहमी वापरलं जाणारं छोटं रोप) आल्प्समधल्या एका बुटक्या गटात या विकराच्या पहिल्या जनुकात डीएनएचं एकच अक्षर गळालेलं सापडलं (2015). एक अक्षर गळालं की पुढची सगळी वाचनचौकट सरकते आणि विकर निकामी होतं. त्याआधी 2013 मध्ये दाखवलं गेलं होतं की युरोप-आशियातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या अनेक अर्ध-बुटक्या वाणांत याच जनुकात वेगवेगळी, स्वतंत्रपणे झालेली उत्परिवर्तनं आहेत.

आणि 1966 मध्ये आलेला आयआर 8 हा बुटका भात? त्यातलं एसडी 1 हे जनुक याच घराण्यातलं. निसर्गाने आणि भात-पैदासकारांनी एकाच जागी हात घातला. हा योगायोग नाही. या विकराच्या जनुकांच्या दोन-तीन प्रती असतात, एक प्रामुख्याने खोडात चालते, दुसरी फुला-फळांत. खोडातली निकामी झाली तर पेरं आखडतात, पण बी धरायला फारसा धक्का बसत नाही. बीजधारणा बिघडवणारं बुटकेपण निवडीत लगेच गळून पडतं, हे टिकतं.

हिरडस

मी एमएस्सी वनस्पतीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. सोनकीवर प्रकल्प करायचा विचार आहे: कळसूबाईच्या माथ्यावरची सोनकी आणि पायथ्याची सोनकी. माथ्यावरची ठेंगणी दिसते. हा फरक वारशाचा आहे का हे कसं तपासू? साधनं बेताची आहेत.

पेरकांडं

हिरडस, चांगली निवड. सोनकी वर्षायू आहे, एका पावसाळ्यात एक पिढी होते, याचा फार फायदा होईल. पायऱ्यांनी सांगतो.

आधी परवानगी. कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो. वनखात्याची लेखी परवानगी विभागाच्या पत्रासह काढा, बी गोळा करायला त्याशिवाय जाऊ नका. याला वेळ लागतो, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच टाका.

बी ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, केसाळ म्हातारी सुटण्याच्या बेतात असताना. प्रत्येक ठिकाणी किमान 15 मातृरोपं, एकमेकांपासून चार-पाच मीटर तरी दूर. प्रत्येक मातेचं बी वेगळ्या कागदी पाकिटात. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल धरून बुरशी येते. सगळं बी एकत्र ओतण्याचा मोह होतो, पण मग कुटुंबातला फरक आणि गटांतला फरक वेगळा काढता येत नाही आणि वारशाचं गणितच हातचं जातं.

पहिली पिढी मोजण्यासाठी नाही, धुण्यासाठी. माथ्यावरच्या मातेने उपाशीपोटी धरलेलं बी हलकं असतं, हलक्या बियांची रोपं लहान राहतात आणि तुम्हाला वाटतं जनुकांचा फरक. म्हणून दोन्हीकडचं बी पुण्यात एकाच जागी वाढवा, प्रत्येक गटातल्या फुलांचा आपसात संकर करा, दुसऱ्या गटाचं पराग येऊ नये म्हणून बारीक जाळीच्या पिशव्या बांधा. त्यातून आलेलं बी तोलून घ्या आणि मोजमाप त्या पिढीवर. एवढा अवधी नसेल तर निदान प्रत्येक पाकिटातलं 50 बियांचं वजन नोंदवा आणि विश्लेषणात ते धरा.

कुंड्या 12 ते 15 सेंटीमीटरच्या, मिश्रण दोन भाग जाड वाळू, एक भाग पानकुजीचं खत, एक भाग स्थानिक माती. प्रत्येक गटाची 10 कुटुंबं, प्रत्येकी 4 रोपं, म्हणजे दोन गटांची 80. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दर आठवड्याला बदला. एका गटाची रांग भिंतीकडे आणि दुसऱ्याची उजेडाकडे लागली की प्रयोग तिथेच संपला. हरितगृहाच्या दाट जाळीखाली ठेवू नका. कमी उजेडात बुटकं रोपही लांबतं आणि फरक पुसला जातो. काच आणि पॉलिकार्बोनेट यूव्ही-बी अडवतात हेही ध्यानात असू द्या.

मोजायचं काय? नुसती उंची मोजणं अपुरं. उंची म्हणजे पेरांची संख्या गुणिले पेराची लांबी, आणि पेराची लांबी म्हणजे पेशींची संख्या गुणिले पेशीची लांबी. रोप बुटकं कोणत्या वाटेने झालं ते यातून कळतं. पेरं कमी असतील तर रोप लवकर फुलावर आलं असेल, म्हणजे बुटकेपण हे फुलोऱ्याच्या वेळेचं उपफळ. पेरं तेवढीच पण आखूड असतील तर पेशींकडे वळा.

पेशी मोजायला महागडं काही लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या पेराच्या मधल्या भागावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या. सोनकीवर लव असेल तिथे ती आधी मऊ ब्रशने बाजूला करा, नाहीतर ठसा फाटतो. 15 मिनिटं पूर्ण वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद उचला, काचपट्टीवर चिकटवा. सूक्ष्मदर्शकाच्या 40 च्या भिंगाखाली सालीच्या पेशींच्या भिंती स्वच्छ दिसतात. दर रोपामागे खोडाच्या दिशेने 50 पेशींची लांबी मोजा, रंध्राजवळच्या सोडून, कारण त्या नेहमीच आखूड असतात. पेशींची लांबी सारखी आणि संख्या कमी निघाली तर विभाजनाचा मामला. आल्पाइन जातींच्या लहान पानांत हाच प्रकार जास्त आढळतो. पेशीच आखूड असतील तर जिबरेलिनकडे संशय वळतो.

जनुकवेल

त्या संशयाची चाचणी सोपी आहे. जिबरेलिक आम्ल 3, 35 मिलिग्रॅम, आधी एक-दोन मिलिलिटर इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून एक लिटर करा. थेट पाण्यात टाकलं तर ते नीट विरघळत नाही आणि तुम्ही नुसतं पाणी फवारत बसता. द्रावण पानावर पसरावं म्हणून ट्वीन 20 या साबणासारख्या द्रवाचे तीन-चार थेंब. नियंत्रण गटाला तेवढंच इथेनॉल आणि ट्वीन असलेलं पाणी, साधं पाणी नको. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, संध्याकाळी, पानं ओली होईपर्यंत. द्रावण दर आठवड्याला ताजं करा, पाण्यात त्याची शक्ती उतरते.

निकाल वाचताना घाई नको. जीएने उंच रोपंही आणखी लांबतात. म्हणून बुटकी लांबली का, हा प्रश्न चुकीचा. बुटक्यांची टक्केवारीतली वाढ उंचांपेक्षा ठळकपणे जास्त आहे का, आणि ती उंचांना गाठतात का, हे बघा. गाठली तर संप्रेरक कमी बनतंय, आयआर 8 सारखं. अजिबात हललीच नाहीत तर संप्रेरक आहे पण ब्रेक सुटत नाही, गव्हाच्या नोरिन 10 मधून आलेल्या बुटक्या वाणांसारखं: तिथे डेला प्रथिनच असं बदललंय की जिबरेलिन त्याला मोडू शकत नाही. दोघंही सारख्याच प्रमाणात लांबली तर फरक दुसरीकडे आहे.

खरसू

आणि माथ्यावर पानाचं तापमान घेणार असाल तर हातातल्या इन्फ्रारेड तापमापीवर आंधळा विश्वास नको. 12 ला 1 असं प्रमाण लिहिलेलं असतं, म्हणजे 30 सेंटीमीटरवरून ती अडीच सेंटीमीटरचं वर्तुळ बघते. लाल ठिपका फक्त दिशा दाखवतो. पान एक सेंटीमीटरचं असेल तर तुम्ही अर्ध्याहून जास्त माती मोजताय, आणि उन्हातली काळी माती पानापेक्षा सहज दहा अंश जास्त तापलेली असते. बारीक तारेचं थर्मोकपल (तारेच्या टोकाने तापमान घेणारं साधन) पानाच्या खालच्या बाजूला टेकवून घ्या, तारेवर ऊन पडू देऊ नका. हवेच्या तापमापीलाही सावलीचं, वारा खेळणारं आवरण हवं. उघडी तापमापी उन्हात स्वतःच तापते आणि पान-हवा फरक नाहीसा झाल्यासारखा दिसतो.

दुर्गभ्रमर

कार्बन डायऑक्साइडचं पटलं. पण मग माउंट केनियावर लोबेलिया आणि सेनेशियो चांगले उंच कसे? आणि आपल्या सिक्कीमात ऱ्हिअम नोबिले 4000 मीटरच्या वर दीड-दोन मीटर उभं राहतं, कुरणातून एकटं वर आलेलं.

खरसू

हे अपवाद नियम जास्त स्पष्ट करतात.

विषुववृत्ताजवळच्या डोंगरांवर ऋतू वर्षाचे नसतात, दिवसाचे असतात: दररोज दिवसा उन्हाळा, दररोज रात्री गारठा. बर्फाखाली झाकून हिवाळा काढण्याची सोय तिथे नाही. रात्री सर्वांत थंड होते ती जमिनीलगतची हवा, त्यामुळे वाढीचा कोंब काही मीटर वर नेणं फायद्याचं ठरतं. शिवाय तुम्ही म्हणता तो सेनेशियो, म्हणजे डेंड्रोसेनेशिओ केनिओडेंड्रॉन, मेलेली पानं खोडाभोवती तशीच ठेवतो, त्याने खोडातलं पाणी गोठत नाही, आणि रात्री पानगुच्छ मिटून मधला कोंब झाकला जातो. पण पेशी जिथे बनतात ती जागा तिथेही जाड पानांच्या गुच्छात दडलेली आहे.

ऱ्हिअम नोबिले वर्षानुवर्षं जमिनीसरसा पानगुच्छ म्हणूनच जगतं. साठा पुरेसा झाला की एकदाच खोड वर काढतं, फुलतं, बी टाकतं आणि मरतं. आणि ते खोड उघडं नसतं. फिकट पिवळी, अर्धपारदर्शक पानं फुलांवर कौलांसारखी उतरलेली असतात. आत उन्हाची ऊब कोंडते आणि अतिनील किरणं बाहेर अडतात. आपली ऊब सोबत घेऊनच ते उंच होतं.

उशीसारख्या घट्ट गोलाकार वनस्पती हे दुसरं टोक. लडाखातलं थायलॅकोस्पर्मम, आल्प्समधलं सायलीन अकॉलिस, अँडीजमधला यारेटा. ही घडण सपुष्प वनस्पतींत स्वतंत्रपणे शंभराहून जास्त वेळा उत्क्रांत झाली आहे. शेंडे इतके घट्ट बसलेले की वारा आत शिरत नाही, जुनी पानं आतच कुजून स्वतःची माती होतात. यारेटा वर्षाला जेमतेम दीड सेंटीमीटर पसरतो आणि लोकांनी तो जळणासाठी खणून काढलाय. लडाखात सपुष्प वनस्पतींची नोंद 6150 मीटरपर्यंत आहे, सगळ्या बोटभर-दोन बोटं उंचीच्या.

वेळेचा हिशोबही बघा. बिस्टोर्टा व्हिव्हिपारा हिमालयातही सर्रास आढळते. तिच्या पानाचा आणि फुलोऱ्याचा अंकुर धरल्यापासून तो उमलेपर्यंत चार वर्षं जातात. जमिनीखाली एका वेळी चार वर्षांचा माल रांगेत तयार होत असतो. हंगाम सहा-आठ आठवड्यांचा असताना याशिवाय फुलणं जमणारच नाही. म्हणूनच एका वाईट उन्हाळ्याचा फटका त्याच वर्षी दिसतो असं नाही. आल्पाइन वाफ्यांवर एक-दोन वर्षांचं मोजमाप करून निष्कर्ष काढणारे प्रबंध म्हणून मला अपुरे वाटतात.

रानजाई

निवड करणारा हात माणसाचाही असू शकतो, हे इथे यायलाच हवं. सॉस्युरिया लॅनिसेप्स हे लोकरीचं हिमकमळ, आपल्या ब्रह्मकमळाच्या प्रजातीतलं. तिबेट आणि युनानमध्ये औषधासाठी ते फुलोऱ्यावर असताना उपटतात, आणि उंच, ठसठशीत रोपं आधी. हे रोप आयुष्यात एकदाच फुलतं, त्यामुळे उपटलं की त्याचं बी शून्य. उरतात ती नजरेतून सुटलेली बुटकी. 2005 मध्ये लॉ आणि सॅलिक यांनी वनस्पतिसंग्रहालयातले शंभरेक वर्षांचे नमुने मोजून दाखवलं की या जातीची उंची घटत आलीय. फारशी न तोडली जाणारी सॉस्युरिया मेडुसा मात्र तशीच राहिली. तोड असलेल्या जागांपेक्षा पवित्र म्हणून राखलेल्या डोंगरउतारांवरची रोपं उंच निघाली. देवराया राखणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही.

कुटकी, जटामांसी, अतीस गोळा करणाऱ्यांनाही हे लागू आहे, फक्त तिथे तोड मुळांची असल्याने निवड उंचीवर नाही, मुळाच्या जाडीवर होईल. श्रीनगर-गढवालच्या उच्च-शिखरीय वनस्पती केंद्राने या जातींच्या लागवडीवर तुंगनाथच्या बागेत बरंच काम केलंय. रानातून उपटण्याला पर्याय म्हणून तेच पुढे जायला हवं.

सडा

तापमान वाढतंय तर बुटक्यांचं वर काय होईल? ऊब मिळाली म्हणजे बरंच म्हणायचं का?

पेरकांडं

थेट उबेने त्यांचं फार बिघडत नाही, शेजाऱ्यांनी बिघडतं. युरोपातल्या 302 शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून 2018 मध्ये दाखवलं गेलं की खालच्या जाती वर सरकण्याचा वेग वाढतो आहे. आल्प्समध्ये आल्पाइन रोपं खालच्या, उबदार पातळीवर लावली तेव्हा ती उबेत टिकली, पण तिथल्या उंच गवतांच्या गर्दीत मागे पडली (2015). ज्या बुटकेपणाने दिवसाची ऊब मिळवून दिली तेच सावलीत अंगाशी येतं. वर सरकायला जागा असेल तिथे काही काळ निभेल. तुंगनाथसारख्या माथ्यावर वर जागाच थोडी आहे.

हिरडस, तुमच्या प्रयोगात एक जास्तीचा गट धरता आला तर बघा: दोन्ही ठिकाणची प्रत्येकी 20 रोपं, भोवती चार-चार गवताची रोपं लावून. माथ्यावरची सोनकी गवताच्या गर्दीत किती बी धरते, पायथ्याची किती धरते, एवढं एक मोजमाप उंचीच्या तक्त्याइतकंच मोलाचं ठरेल. गवत सोनकीच्या आधी दोन आठवडे पेरा, नाहीतर सावली वेळेवर पडत नाही.

हिरडस

सगळ्यांचे मनापासून आभार. परवानगीचा अर्ज या आठवड्यात विभागप्रमुखांकडे देते. गवतासाठी कुसळी घेऊ की दुसरं काही?

पेरकांडं

कुसळी चालेल, पण तिचं बी झोपेत असतं. गेल्या हंगामाचं, उन्हाळाभर कोरडं ठेवलेलं घ्या, ताज्या बियांची उगवण कमी येते. कुसळं काढून पेरा आणि कुंडीत लागणाऱ्या रोपांच्या तिप्पट बी टाका.